इल्मा चर्चला येईनाशी झाली

मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या चर्चच्या मंडळीनं यादीतून माझं नाव काढून टाकलं. लग्नाआधीच पोट दिसायला लागलं होतं. पाळकांनी भर उपासनेत नाव वाचलं आणि पुढचे अकरा महिने मी शेवटच्या बाकावर बसले. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्या अलीकडच्या बाकापर्यंत यायचं आणि तिथूनच परत फिरायचं. ज्याचं मूल होतं तो त्या अकरा महिन्यांत पुढं उभा राहून गात होता. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही.

चाळीस वर्षांनी त्याच मंडळीनं मला चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळात घेतलं. तेव्हा मनाशी ठरवलं, कुणाला बाहेर काढायला आपला हात वर जायचा नाही. तो गेलाही नाही. दारूसाठी चर्चची घंटा विकायला निघालेल्या माणसालासुद्धा मी आत ठेवायला लावलं. आज तो घंटा वाजवतो. "मिस ऑर्फाच्या हाती असतं तर सैतानालासुद्धा बाक मिळालं असतं," असं लोक म्हणायचे. मला त्याचा अभिमानच वाटायचा.

मग इल्मा चर्चला येईनाशी झाली.

इल्मा म्हणजे आल्फर्डची बायको. आल्फर्ड होड्या बांधायचा. वादळानं चर्चचं छप्पर उडवलं तेव्हा हातातलं काम टाकून तीन आठवडे तो वरच होता. गाणारा, हसरा, चर्चचा सेवक म्हणजे डीकन. प्रभुभोजनाचं ताट बाकांमधून फिरवायचं काम त्याचं. चार रविवार इल्मा दिसली नाही तेव्हा मी आल्याचं सरबत घेऊन तिच्याकडे गेले. ती परसात नारळ किसत होती, डाव्या हातानं. उजवा गळ्यात बांधलेला.

"पडलीस होय गं?" मी विचारलं.

"सगळे असंच विचारतात, मिस ऑर्फा. म्हणून मी हो म्हणते."

मी खाली बसले. ती किसतच राहिली.

"पहिल्यांदा नाही हे," ती म्हणाली. "पण मी शेवटची आले त्या प्रभुभोजनाला आल्फर्ड ताट घेऊन माझ्यासमोर आला. मारलं त्याच हातानं. 'घे, इल्मा,' म्हणाला, किती गोड आवाजात! भाकर घशाखाली उतरेना. म्हटलं, आता बास."

"मग आम्हाला सांगायचं नाहीस?"

"काय सांगू? पाळकसाहेब म्हणतात, चर्चचं दार सगळ्यांना उघडं आहे. त्याला उघडं आहे तोवर मी कुठून आत येऊ? मला कुणी काढलं नाही हो. मी आपोआप निघाले."

त्या संध्याकाळी ती बहिणीकडे राहायला गेली. तिचं बोचकं मीच उचललं.

वडीलमंडळाची बैठक आठवड्यानं झाली. आमचे पाळक वयानं लहान, मनानं मऊ. ते म्हणाले, "दवाखान्यातून आजाऱ्यालाच हाकललं तर दवाखाना कशाला म्हणायचा?" मंडळातले म्हातारे डॉल्विन छपराकडे बघत म्हणाले, "हे त्यानं घातलंय." मग माझ्याकडे वळून हसले. "आणि मिस ऑर्फा तर कुणालाच काढू देत नाहीत. चला, प्रार्थना करू नि घरी जाऊ."

आल्फर्डला आत बोलावलं. तो रडला. खोटं रडला असं मी आजही म्हणणार नाही. "देवापुढं पापी आहे मी," म्हणाला. "रोज माफी मागतो."

"इल्माची मागितलीस?" मी विचारलं.

त्यानं डोळे पुसले. "ते आमचं घरचं आहे, मिस ऑर्फा."

मला वाटतं, तो आणखी काहीही बोलला असता तर माझा हात खालीच राहिला असता. तो बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "या चर्चमधून एक माणूस आधीच बाहेर काढलं गेलंय. आपण मत दिलं नाही एवढंच. आता दोघांपैकी कोण बाहेर राहणार, तेवढं ठरवायचंय." आणि मी हात वर केला. एकेक करून बाकीचे वर गेले. पाळकांचा सगळ्यांत शेवटी गेला.

मी दोन गोष्टी मागून घेतल्या. त्याचं नाव भर उपासनेत वाचायचं नाही. आणि त्याला सांगायला मी जाणार.

तो होडीच्या सांगाड्याशी उभा होता. ऐकून म्हणाला, "तुम्हाला काढलं होतं तेव्हा कसं वाटलं ते विसरलात?"

"नाही विसरले. मला सांगायला कुणी घरी आलं नव्हतं. मी आलेय. दर गुरुवारी येणार आहे."

"येऊ नका," म्हणाला.

डॉल्विनना घेऊन मी गुरुवारी गेले. त्यानं दार उघडलं नाही. दुसऱ्या महिन्यात तो खाडीपलीकडच्या चर्चला जाऊ लागला. तिथं त्याला आनंदानं घेतलं, गिटार दिली. गावात मला ऐकायला मिळालं, "बघा, प्रेम कुणाकडे आहे ते!" मला त्या रात्री झोप लागली नाही. इल्मा मात्र आता येत होती, आपल्या दोन बहिणींच्या मध्ये बसत होती. पहिले कितीतरी रविवार ती गायली नाही, नुसतं पुस्तक उघडून धरायची.

मग तो पलीकडे जायचा थांबला. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही. एका गुरुवारी दार उघडंच होतं. तो फळी तासत बसला, डॉल्विन लाकडाबद्दल बोलत राहिले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आम्ही असेच बसलो. मग एकदा स्वतःहून म्हणाला, "बाबा आईला मारायचे तेव्हा मी टेबलाखाली लपायचो. मी तिचा हात मोडला त्या दिवशी इल्माही टेबलाखालीच लपायला गेली होती." आणि हातातली फळी खाली ठेवली.

चौदा महिन्यांनी त्यानं परत यायची परवानगी मागितली. पाळकांना आनंद झाला. त्यांनी तारीखसुद्धा बघायला घेतली.

"इल्माला विचारलं?" मी म्हटलं.

ती बहिणीच्या ओट्यावर कसाव्याचे कंद सोलत होती. हात बरा झाला होता, पण बोटं अजून नीट मिटत नव्हती. मी विचारल्यावर तिनं दुसरा कंद हातात घेतला.

"त्यानं पत्र पाठवलंय," ती म्हणाली. "सगळं लिहिलंय. कुठल्या दिवशी काय केलं ते. मला वाटलं होतं, त्याला आठवतच नसेल." सुरी बाजूला ठेवली. "पण अजून नाही, मिस ऑर्फा. मी आत्ता कुठं गायला लागलेय."

"मग कधी?"

"ते मला माहीत असतं तर सांगितलं नसतं?"

पाळक हळहळले. वाट बघायला लावणं हाही एक कठोरपणा नव्हे का, असं त्यांनी मला विचारलं.   आम्ही कुणाला बाहेर ठेवलंय आणि तरी भाकर मोडतोय, ही गोष्ट दर प्रभुभोजनाला माझ्या घशात अडकते. अडकायलाच हवी, असं वाटतं.

गुरुवारी आल्फर्डला सांगितलं. मला वाटलं, चिडेल. डॉल्विननी तर काठी घट्ट धरली होती. त्यानं एवढंच विचारलं.

"नाही म्हणाली?"

"अजून नाही, म्हणाली."

"बरं," आल्फर्ड म्हणाला.

त्यांच्या बावीस वर्षांच्या संसारात तिच्या नकाराला त्यानं बरं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग तो उठला आणि आमच्यासाठी कॉफी टाकायला आत गेला.