शहाणी पोर

वहिनी गेली त्या दिवशी घरात ठरलं, की पोरीला सांगायचं, आई परगावी गेलीय. हे ठरवलं कुणी, ते विचारू नका. दादाला वाटलं आमच्या आईनं, आईला वाटलं दादानं. मला मुळीच पटलं नव्हतं, पण सगळे गप्प म्हटल्यावर मीही तोंडाला कुलूप लावलं.

पोर चार वर्षांची. रडली नाही, आई कधी येणार म्हणून विचारलंसुद्धा नाही. ताटातलं सगळं संपवायची, खेळणी आवरायची, वेणी घालताना हूं की चूं करायची नाही. "किती शहाणी झालीय!" भेटायला येणारी प्रत्येक बाई म्हणायची. मला ते शहाणपण डोळ्यांत खुपायचं. तिच्या बापानं या वयात एका फुग्यासाठी रस्त्यात लोळण घेऊन अख्खी गल्ली गोळा केली होती.

मी घरीच शिवणकाम करते. एका दुपारी ती मशीनपाशी बसून माझ्या चिंध्यांच्या घड्या घालत होती.

"पुरे गं. जा, खेळ जरा."

"नको आत्या. पसारा केला तर आई येणार नाही."

माझा पाय थांबला. "असं कोण म्हणालं?"

"कुणीच नाही. मी दूध सांडलं, आई ओरडली. मग मी म्हटलं, तू मला नकोच, जा. आणि ती गेली."

एवढीशी पोर हे एकटीनं वाहत होती, आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो! मी तिथूनच दादाला आणि आईला हाक मारली.

"मी हिला खरं सांगणार आहे. कुणी आडवं येऊ नका."

"सांग ना," दादा म्हणाला. "मी आईसाठी गप्प होतो."

"अरे, मी तुझ्यासाठी!" आई म्हणाली.

मी पोरीला मांडीवर घेतलं. "आई मेली, बाळा. तिचं हृदय बंद पडलं. तू दूध सांडलंस म्हणून नाही, जा म्हणालीस म्हणूनही नाही. बोलण्यानं कुणी मरत नाही."

"उद्या येईल?"

"नाही. मेलेलं माणूस परत येत नाही."

"मी शहाण्यासारखी वागले तरी?"

"तरी नाही."

हातातली चिंधी तिनं तशीच खाली टाकली. मग तिनं बापाकडे पाहिलं.

"बाबा, मग आता मी रडू?"