उभ्याची चव

सासूबाईंचं एक शास्त्र होतं. स्वयंपाकाला चव मिठानं येत नाही, पायांनी येते. बाई शेगडीपुढे जितका वेळ उभी, तितका रस्सा रुचकर. या शास्त्रापायी त्यांनी स्वतःचे गुडघे झिजवले होते आणि आल्यागेल्याला ते दाखवायच्या, एखाद्यानं जिंकलेलं पदक दाखवावं तशा. घरात आलेल्या सुनेला दागिने यथातथाच मिळाले, शास्त्र मात्र अख्खंच्या अख्खं मिळालं.

सून औषधांच्या दुकानात अर्धा दिवस काम करायची. कुठली गोळी कुठल्या खणात, कुणाचं औषध संपत आलंय, कोण दुखणं लपवतंय, सगळं तिला तोंडपाठ. दुकानाच्या मालकीणबाईंनी तिला विचारलं होतं, पूर्ण दिवस येतेस का? सगळा माल तुझ्या हाताखाली. सुनेला उडी मारून हो म्हणायचं होतं. त्या काउंटरमागे लोक तिला सल्ला विचारत. घरी तिला फक्त मीठ कुठे आहे ते विचारत. पण दुकान आवरून घरी पोचेपर्यंत घरातल्या सगळ्या पोटांत कावळे कोकलायला लागणार, आणि मग शेगडीपुढे उभं कोण राहणार? मालकीणबाईंना या आठवड्यातच उत्तर हवं होतं. नाहीतर त्या दुसरी बाई बघणार होत्या.

म्हणून तिनं युक्ती काढली. रविवारी कांदा, लसूण, टोमॅटो एकदमच भाजायचे, एकदमच वाटायचे आणि डब्यांत भरून फ्रिजात ठेवायचे. घेवडा उकडून, भाज्या चिरून तयार. संध्याकाळी पातेल्यात डबा रिकामा केला, घेवडा टाकला, एक उकळी आली की झालं. डबे सगळे एकाच मापाचे घेतले, म्हणजे कुठलंही झाकण कुठल्याही डब्याला बसावं. झाकणं शोधण्यात बाईचं अर्धं आयुष्य जातं, हा तिचा अनुभव होता.

या युक्तीची पहिली वाहवा केली ती नवऱ्यानं, पण जेवणासाठी नव्हे. तो बाइंडर. पुढच्या खोलीत पुस्तकं बांधायचा आणि त्यासाठी रोज सकाळी पिठाची खळ शिजवायचा, गुठळी होऊ नये म्हणून हात मोडेपर्यंत ढवळत. खळ टिकावी म्हणून काही बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात; पण ते विष, आणि घरात लहान पोर, म्हणून बायकोनं ते दारातच अडवलं होतं. मग खळ दुसऱ्या दिवशी आंबायची. "तुम्हीही जास्तीची करून फ्रिजात ठेवा की," ती म्हणाली. त्यानं तिच्याच एका डब्यात भरून ठेवली, आणि हे आधी का सुचलं नाही म्हणून स्वतःवरच चिडला. हाच गृहस्थ ताटातल्या रश्श्याबद्दल मात्र आईसमोर मूग गिळून बसायचा. बायकोची अक्कल खळीला चालत होती, रश्श्याला नाही.

सासूबाई पहिल्या घासालाच नाक मुरडायच्या. शिळं आहे म्हणायच्या. सून सांगायची की रस्सा आत्ताचा आहे, फक्त वाटण आधीचं. त्यावर सासूबाईंचं उत्तर ठरलेलं: आधीचं म्हणजेच शिळं, तू फक्त शब्द ताजा वापरतेस.

गुरुवारी मालकीणबाईंनी तिला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं. नुसतं बघू या, म्हणाल्या. म्हणजे परीक्षाच. निघताना सुनेनं घरी समजावलं, डबा फ्रिजात आहे, घेवडा उकडलेला आहे, दोन्ही एकत्र करायचं, बस. सासूबाईंनी त्या डब्याला आपण बोटही लावणार नाही असं जाहीर केलं. नवरा म्हणाला, "मी बघतो." तो जेव्हा असं म्हणे, तेव्हा खरोखर फक्त बघतच असे.

दिवस झकास गेला. पण परत येताना बसमध्ये ती मालकीणबाईंना नकार कसा सांगायचा त्याची वाक्यं जुळवत होती. घरी उपाशी माणसं आणि त्यांच्यापुढे एक सत्याग्रही म्हातारी, असं चित्र डोळ्यांपुढे.

दार उघडलं तर टेबलावर वाफाळता रस्सा. चांगला दाट, लसणाचा घमघमाट. लेक, जिला सगळे चिमणी म्हणत, ती दुसऱ्यांदा वाढून घेत होती. सासूबाई सहज बसल्यासारख्या बसल्या होत्या, पण एक डोळा सुनेच्या चेहऱ्यावर.

नवरा हात धुऊन आला, एक चमचा तोंडात घातला आणि थबकला. बाइंडरची जीभ ती. जन्मभर ब्रश धरलेली बोटं चाटलेली. तो उठून फ्रिजपाशी गेला. बायकोही गेली. वाटणाचा डबा शिगोशीग भरलेला होता. खळीचा गायब होता.

तिनं डोळ्यांनीच दटावलं, पण याचं तोंड कधी वेळेवर मिटलंय?

"आई, तू माझी खळ घातलीस."

चिमणीचा चमचा हवेतच राहिला. "आज्जी, आता आपली पोटं चिकटणार?"

पीठ आणि पाणीच असतं, काही होत नाही, असं सुनेनं तिला सांगितलं. सासूबाईंचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. "चिमणीला भूक लागली, म्हणून काढला डबा. मला वाटलं, हिनं कांदे भाजलेच नाहीत," त्या पुटपुटल्या. "घाईच्या कामाला रंग कुठून येणार? म्हणून वरून लसूण परतून घातला."

सुनेच्या हातात आयतं कोलीत आलं होतं. इतक्या दिवसांच्या नाक मुरडण्याची सव्याज वसुली करता आली असती. पण सासूबाई ताटाकडे बघत बोलतच होत्या.

"उकळायला ठेवलं आणि पुढे कामच नाही. उभं राहून करू काय? मग चिमणीनं पत्ते आणले. बसून खेळलो. हरले मी." त्या थांबल्या. "आणि तरी रस्सा बरा झाला. हे बसून होत असेल, तर मी इतकी वर्षं कशासाठी गं उभी होते?"

गुडघ्यांसाठी दुकानात चार तऱ्हेची मलमं होती. याच्यासाठी एकही नव्हतं. सुनेनं ताट घेतलं, रस्सा वाढून घेतला आणि सासूबाईंच्या शेजारची खुर्ची ओढली.

"तेव्हा फ्रिज नव्हता, आई. आणि तुमच्या जागी उभं राहणारं दुसरं कुणी नव्हतं."

सासूबाईंनी पुन्हा चमचा उचलला. सगळे खळीचा रस्सा मुकाट्यानं जेवले. बाइंडरनं तर पातेलं पुसून घेतलं, बहुधा माल वाया जाऊ नये म्हणून.

"त्या दुकानाच्या बाईंना काय सांगणार आहेस?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"त्यात ठरवायचं काय? हो म्हण. पण रविवारी कांद्यांपाशी मला बसव. तू भाजतेस ते आत कच्चे राहतात."

ते कच्चे राहत नव्हते. सुनेनं मान डोलावली आणि ताटं उचलायच्या आधीच मालकीणबाईंना फोन लावला.