मी, शकुबाई झालेली सोंगटी

मित्रांनो, मी एक जुनी बिदरी सोंगटी आहे. उंचीला तुमच्या अंगठ्याएवढी आणि रंगाने काळीकुट्ट. माझा जन्म बिदरच्या एका अरुंद गल्लीत झाला. जस्त आणि थोडं तांबं वितळवून मला वाळूच्या साच्यात ओतलं, कानशीने घासलं आणि छिन्नीने माझ्या गळ्याभोवती फुलांची वेल कोरली. त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, मग किल्ल्यातली माती आणि नवसागर चोळून बाकीचं अंग काळं करायचं, म्हणजे चांदी तेवढी चमकत राहते. बुद्धिबळातलं प्यादं म्हणून मी थाटात उभी राहणार होते. पण माझी खाच उथळ झाली आणि अंग काळं करतानाच तार निखळून पडली. कारखान्याच्या उस्तादांनी मला उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "इसकी चांदी टिकती नै. बाजू रख देव." माझ्या बहिणी मखमलीच्या पेटीत बसून कुठे कुठे गेल्या आणि मी खिडकीत धूळ खात बसले. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

तिथून मला हुमनाबादच्या रेवणसिद्धप्पांनी उचललं. त्यांचं हायवेला लागून लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांनी मला टेबलावर ठेवलं. लॉरीवाले मला हातात घेऊन "एवढीशी हाय, पर लई जड हाय की वो" म्हणत, तेव्हा मी फुगून जात असे. पुढे सगळा कारभार मोबाइलवर आला, कागद संपले आणि माझी रवानगी गंजक्या नटबोल्टांच्या खणात झाली. तिथली संगत कशी होती ते मला विचारू नका.

मला बाहेर काढलं ते रेवणसिद्धप्पांच्या मुलाने, संगमेशने. तो पुण्याला शिकला, आता घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करतो. पुण्याहून तो एक खेळ शिकून आला होता. या खेळात एक जण सूत्रधार होतो आणि किल्ल्यांची, राक्षसांची गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. प्रत्येकाने आपला पेशा निवडायचा. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य, कुणी चोर. अवघड काम करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, आकडा मोठा पडला की काम फत्ते. रविवारी दुपारी दुकानाच्या माडीवर हा खेळ रंगे. संगमेश सूत्रधार, त्याची बहीण सुधारानी मांत्रिक आणि शेजारच्या भगवानरावांचा तानाजी योद्धा. कॅरमच्या पाटावर खडूने किल्ला काढलेला असे. मी त्यात पडेल ते काम करी. कधी कोल्हा, कधी भूत, एकदा तर मला बंद दरवाजा केलं!

अशात तानाजीची आतेबहीण विजयश्री आली. मूळची संतपूरची, कलबुर्गीच्या वसतिगृहात राहून नर्सिंग शिकणारी. परीक्षा तोंडावर आली असताना ती मामाकडे येऊन बसली होती. वसतिगृहाचं जेवण मानवत नाही, असं तिने घरी सांगितलं होतं. तिला बोलतं करावं म्हणून तानाजी तिला माडीवर घेऊन आला.

"आपल्याकडं चोर न्हाई," तो म्हणाला. "विजू, तू हो की चोर. तुझ्या पावलाचा आवाज बी येत न्हाई."

विजयश्रीचा चेहरा उतरला. "मी चोर व्हणार न्हाई," ती म्हणाली.

"आगं, खेळातला! एवढं कामून मनाला लावून घ्यायलीस?"

बघायला म्हणून तिने मला हातात घेतलं होतं, तशीच मला मुठीत धरून ती गच्चीवर निघून गेली. मागोमाग सुधारानी आली. पाण्याच्या टाकीला टेकून विजयश्रीने तिला सगळं सांगितलं आणि म्हणून ते मलाही कळलं. वसतिगृहात तिच्या खोलीतल्या लिंगम्माचं सोन्याचं कानातलं हरवलं. संशय विजयश्रीवर आला. सगळ्या मुली बघत असताना तिची पेटी उपडी केली, अंथरूण झटकलं, तिला खिसे उलटे करायला लावले. पुढच्या आठवड्यात ते कानातलं लिंगम्माच्याच पिशवीच्या अस्तरात सापडलं. लिंगम्माने ते गुपचूप कानात घातलं, ते एकट्या विजयश्रीने पाहिलं. लिंगम्माने कुणाला काही सांगितलं नाही. मुली मात्र विजयश्री दिसली की अजून आपापल्या पेट्यांना कुलूप लावत होत्या.

"मला तिकडं परत जायाचं न्हाई, अक्का," ती म्हणाली. "परीक्षा गेली तर जाऊ दे."

सुधारानीने तिचा हात धरला आणि भावाला यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "चोर नको. तुला पाहिजे ते हो. पर खेळायला ये."

पुढच्या रविवारी विजयश्री आली ती ठरवूनच. "खेळातली माझी बाई चोर न्हाई. पर ती कुठंबी जाती आन् कुणाला दिसत न्हाई. ती दासोहात, मठाच्या पंगतीत, वाढती."

तानाजी खो खो हसला. "वाढपीण! वाढपीण कधी किल्ला जिंकती का?"

"तू पंगतीत बसतूस तवा वाढणाऱ्याच्या तोंडाकडं बघतूस का?" तिने विचारलं. "तू बादलीकडं बघतूस. गव्हाची गोड हुग्गी हाय का सांबार, एवढंच. कोण वाढून गेलं, सांग बरं?"

तानाजीने हसणं थांबवून डोकं खाजवलं. मागच्याच आठवड्यात तो जत्रेच्या दासोहात जेवून आला होता.

ती पुढे बोलत राहिली आणि मला तर तिचा आवाज ऐकतच राहावंसं वाटलं. वाढपीण दाटीच्या पंगतीतून चालते, पण कुणाच्या पत्रावळीला पाय लागू देत नाही. कढत बादली घेऊनही तिचा हात हलत नाही. कुठलं दार कोठीत उघडतं आणि कुठलं मागच्या अंगणात, हे तिला ठाऊक असतं. शिवाय ही बाई सुगीत ज्वारी राखते. शेतातल्या माळ्यावर तासन् तास हालचाल न करता बसते, आणि पाखरू उतरलं की तिच्या गोफणीचा नेम चुकत नाही.

संगमेश खूश झाला. "अर्धी वाढपीण, अर्धी राखणीण! असा पेशा नियमात कुठं बी न्हाई. पर आपल्या खेळात हाय. नाव काय ठेवायलीस?"

"शकुबाई."

आणि मित्रांनो, शकुबाई म्हणून पाटावर मला उभं केलं. काळं अंग, चमक नाही, कुणाची नजर ठरू नये असं रूप. ज्या कारणासाठी मला बाजूला ठेवलं होतं, त्याच कारणासाठी आता मला निवडलं होतं. मी किती हरखले म्हणून सांगू!

शकुबाईने कमाल केली. हुग्गीची बादली घेऊन ती वेशीतून आत गेली, तेव्हा पहारेकऱ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. गोफणीच्या एका खड्याने तिने दूरची मशाल विझवली. कुलूप तिला उघडावंच लागत नसे, कोठीची किल्ली लोक आपण होऊन तिच्या हातात देत. तानाजीची तलवार म्यानातच राहू लागली आणि तो कुरकुरायला लागला. विजयश्री मात्र हसायला लागली होती. तरी कलबुर्गीचा विषय निघाला की ती उठून जाई, आणि परीक्षा जवळ येत होती.

मग तो रविवार आला. गोष्टीत किल्लेदाराच्या वाड्यात मोठी पंगत बसली होती. तळघरात कैदी होते आणि शकुबाई वाढत वाढत तळघराच्या दाराकडे सरकत होती. गोष्टीत रंगत यावी म्हणून संगमेशने आवाज चढवला. "एवढ्यात किल्लेदाराचा चांदीचा पेला गायब! कारभारी शकुबाईकडं बोट दाखवून वरडायलाय, हीच ती! धरा चोराला!"

सुधारानीचा हात तोंडावर गेला.

"मी तलवार काढायलोय!" तानाजी ओरडला.

"पळायचं असंल तर फासा टाक, विजू," संगमेश म्हणाला. "शकुबाईला काय अवघड हाय? गर्दीत मिसळून जाईल."

त्याचं खरं होतं. शकुबाई घडवलीच होती दिसेनाशी होण्यासाठी. विजयश्रीने फासा उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. मग तिने मला उचललं आणि पंगतीच्या मधोमध उभं केलं.

"शकुबाई पळत न्हाई," ती म्हणाली. "ती म्हणायलीय, माझी झडती घ्या. हितंच, समद्यांच्या समोर. आन् काही सापडलं न्हाई, तर समद्यांच्या समोरच चूक कबूल करा."

संगमेशने बहिणीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. काय झालं ते त्याला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं आहे हे कळलं. "झडती घेतली," तो हळू म्हणाला. "काही सापडलं न्हाई."

"मग?"

"मग किल्लेदार जेवणावरून उठला. पंगत थांबली. हात जोडून तो म्हणाला, बाई, चूक आमची हाय. तुम्ही चोर न्हाई." हे म्हणताना संगमेशने स्वतःचेच हात जोडले होते.

विजयश्री ओंजळीत तोंड घालून रडली. तानाजीला काही उमगेना. तो उठून खाली गेला आणि तिच्यासाठी पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती कलबुर्गीला निघाली. संगमेशने मला तिच्या हातात ठेवलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. वसतिगृहात सगळ्या मुली जेवायला बसल्या होत्या. विजयश्री ताट न घेता उभी राहिली. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये तिने सांगितलं की माझी झडती सगळ्यांसमोर झाली, वस्तू सापडली ती मात्र कुणालाच कळली नाही, ते आज सगळ्यांसमोर सांगा. "जुनं झालं ते, जेवून घे," देखरेखीच्या बाई म्हणाल्या. विजयश्री बसली नाही. मी तिच्या मुठीत होते. शेवटी लिंगम्मा उठली. ताटाकडे बघत "तप्पायितु" म्हणाली, म्हणजे चुकलं. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा म्हणाली.

विजयश्रीने परीक्षा दिली. मी तिच्या खिडकीत असते. ती अधूनमधून मला खोबरेल तेलाचं बोट लावते, तेवढ्याने मी तकतकीत राहते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण आमचं काय, आम्ही हरवतो, सापडतो आणि कुणी आम्हाला बोल लावत नाही. म्हणून तुमच्याकडे मागणं वेगळंच आहे. तुमची हरवलेली वस्तू सापडली, की ती पुन्हा अंगावर घालण्याआधी ज्याची झडती घेतली होती त्याच्याकडे जा. आणि एकटे जाऊ नका. त्या दिवशी जितके जण बघत उभे होते, तितक्या सगळ्यांना बरोबर घेऊन जा.