दोरीवरचा मुंगळा

"ऐकलंत? परत!" लेकीनं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला होता. "टक् म्हणाली, थांबली, मग परत टक्."

"म्हणू दे. वय झालं की गुडघे वाजतातच," थांबाराव म्हणाले.

"गुडघे वाजले म्हणून कुणी मरत नाही, बाबा. हार्ड डिस्क मरते."

आतून आईचा आवाज आला, "बदला तो डबा एकदाचा! जोडीला माणूसही बदलून देत असतील तर तेही विचारा."

थांबाराव हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. शहराला पाणी सोडणारे पंप कधी सुरू व्हायचे आणि कधी बंद, हे ठरवणारा प्रोग्राम ते तरुणपणापासून सांभाळत आले होते. प्रत्येक दुरुस्तीनंतर तो कंपाइल करावा लागे, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवावं लागे. त्याला वेळ लागायचा. साहेबांनी बोलावलं, कुणी सही मागायला आलं, घरी पानं वाढून झाली, तरी यांचं उत्तर एकच, "थांबा, कंपाइल होतंय." निवृत्तीनंतरही खात्यानं ते काम त्यांच्याकडेच ठेवलं. दुसऱ्या कुणाला त्यात डोकं घालायची हौस नव्हती.

"मी परवा जाणार," लेक म्हणाली. तिला समुद्रापलीकडे नोकरी लागली होती. "मी असताना नाही बदललीत तर तुम्ही कधीच बदलणार नाही. वर्षभर नुसतं 'बघू बघू' चाललंय. एक तरी धड कारण सांगा."

"जुना कंपायलर आहे तिच्यावर. तो करणारी कंपनीच बुडाली. आता कुठं मिळायचा नाही तो."

"मिळवायचा कशाला? अख्खी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवून घ्यायची."

"आणि उतरवता उतरवता गेली तर?"

"न उतरवता गेली तर?"

थांबाराव उठून चपला शोधायला लागले. सांगितलं ते कारण खरं होतं. फक्त ते एकटं नव्हतं.

दुकानातला पोरगेला विक्रेता मोठा उत्साही निघाला. "सर, ही एसएसडी बघा, नव्या जातीची डिस्क. बोटाएवढी पट्टी, पण सेकंदाला सात हजार एमबी!"

"कशाचे सात हजार?" लेकीनं विचारलं. "एकच मोठी फाइल सरळ वाचत गेलं तर ना? यांच्याकडे हजारो बारक्या फाइली आहेत. कंपाइल करताना एक इथली लागते, एक तिथली. तिथं किती वेग मिळतो ते सांगा."

"ताई, ते खोक्यावर लिहीत नाहीत."

"म्हणून तर विचारतेय. आणि ही पट्टी बसवायला यांच्या मदरबोर्डवर जागाच नाहीये."

"मग बोर्डही बदलून टाकू की!"

"हो, मग टेबल, मग घर," थांबाराव म्हणाले. विक्रेता खळखळून हसला आणि निमूटपणे चपट्या, चौकोनी एसएसडी काढू लागला.

लेक एकेक खोकं उलटून वाचत होती. "हिला स्वतःची कॅश मेमरी नाही, खूप लिहायला लागलं की धाप लागेल. ही चालेल. पण हिच्यातली दुप्पट जागेची द्या. काठोकाठ भरली की या मंदावतात."

थांबाराव मागं उभं राहून ऐकत होते. तिची पहिली कात्री घ्यायला ते असेच दोघं गेले होते. तिला लाल दांड्याची हवी होती आणि यांनी विचारलं होतं, "कागद कापायचाय की पुठ्ठा? आधी काम सांग, मग हत्यार बघू." ती विसरली असेल. त्यांना दांड्याचा तो लाल रंगसुद्धा आठवत होता.

दुपारी जुनी आणि नवी डिस्क शेजारी शेजारी जोडून झाल्या. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढं सरकायला लागली.

"आता बसा," लेक म्हणाली. तिनं टेबलाखालचं बुटकं स्टूल ओढलं, त्यावरचा कागदांचा ढीग जमिनीवर ठेवला आणि स्टुलावर बसली. स्टूल तिच्यासाठीच आणलेलं होतं, तिचे पाय जमिनीला पुरत नव्हते तेव्हा. आता गुडघे हनुवटीपाशी आले.

याच स्टुलावर बसून ती विचारायची, "आत काय चाललंय, बाबा?" आणि ते सांगायचे, "आत एक चक्री फिरतेय. तिच्यावर खूप पेट्या ठेवल्यात. काठाशी एक हमाल उभा आहे. हवी ती पेटी समोर येईपर्यंत तो थांबतो, आली की उचलतो." "म्हणजे तोपण थांबाराव!" असं म्हणून ती टाळ्या पिटायची.

"नव्या डिस्कमध्ये चक्री नाही," आता ती त्यांना सांगत होती, अगदी त्यांच्याच सुरात. "भिंतभर कपाट आहे. कुठलाही खण उघडा, सगळे हाताशी. थांबायचं कामच नाही."

हे थांबारावांना ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, "बरं. मग त्या हमालाचं काय?"

लेक जरा अडखळली. "तो... निवृत्त."

"पेन्शन तरी आहे का त्याला?"

दोघंही हसली. एवढ्यात टक् झालं आणि निळी पट्टी जागच्या जागी थांबली. परत टक्. लेकीचा चेहरा उतरला. थांबारावांनी हात पुढं केला आणि तापलेल्या डिस्कवर तळवा ठेवला, झोप येत नसलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"चल गं बाई. एवढं पोचव."

कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग पट्टी केसभर सरकली. मग आणखी केसभर. उन्हं टेबलावरून उतरून फरशीवर गेली तेव्हा ती टोकाला पोचली.

लेकीनं नवी डिस्क डब्यात बसवली, स्क्रू पिळले. जुनी तिनं मांडीवर घेतली. मशीन सुरू झालं. जुना कंपायलर जिथल्या तिथं होता.

"आता कंपाइल लावा," ती म्हणाली, "आणि होईपर्यंत मुंगळ्याचं सांगा."

थांबाराव चमकले. म्हणजे ही विसरली नव्हती.

कपडे वाळत घालायच्या दोरीचं दुसरं टोक बघायला निघालेल्या मुंगळ्याची ती गोष्ट. कंपाइल चालू असताना ते ती सांगायचे. वाटेत मुंगळ्याला ओल्या मोज्याचा धबधबा लागायचा, टॉवेलचं रान लागायचं. ऐन रंगात कंपाइल संपून मशीन टुंग करायचं, की मुंगळा तिथंच थांबायचा आणि बाबा कामाला लागायचे. पुढं तिला मैत्रिणी मिळाल्या, परीक्षा आल्या. स्टुलावर कागद साचत गेले. मुंगळा चिमट्यापाशी अडकला तो अडकलाच.

त्यांनी बटण दाबलं, घसा खाकरला. "तर, चिमट्यापाशी मुंगळा..."

टुंग.

दोघं पडद्याकडं बघत राहिली. लेकीला हसू फुटलं, पण बाबांकडं बघून ती थांबली.

"झालं की," थांबाराव हळूच म्हणाले. बोटांनी त्यांनी उगीच कीबोर्डवरची धूळ पुसली.

मग वर्षभराचं 'बघू बघू' कशासाठी होतं ते तिला कळलं. ती स्टुलावरून उठली नाही.

"मशीनचं झालं. माझं कुठं झालंय? शेवट सांगा."

"शेवट मी कधी केलाच नाही गं. दर वेळी मशीनच संपवायचं."

"मग आज करा."

थांबारावांनी खुर्ची तिच्याकडं वळवली. "तर चिमट्याच्या दातांखालून मुंगळा अंग चोरून निघाला. चालत चालत टोकाला पोचला. तिथं एक खिळा होता."

"आणि?"

"आणि काही नाही. नुसता खिळा. मग त्यानं मागं वळून बघितलं. मोजा, टॉवेल, छोटा फ्रॉक... वाळले म्हणून कुणीतरी सगळे काढून नेले होते. रिकामी दोरी हलत होती."

"मग?" लेकीनं विचारलं.

"मग काय, बसला खिळ्यावर. वारा बरा होता."

लेकीनं जुन्या डिस्कवरून हात फिरवला. ती अजून ऊन होती.

आतून आईनं हाक मारली, "चहा ओतलाय. येताय का गार करताय?"

"थांब जरा, आई," लेक म्हणाली. "बाबा, तो चिमट्यापाशी अडकला होता ना, तिथपासून परत सांगा."

पडद्यावर कर्सर लुकलुकत वाट बघत होता. थांबाराव चिमट्यापासून नव्हे, अगदी पहिल्यापासून सांगायला लागले.