भिंतीवरचे शर्ट

जसीनाने स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी सरकवली आणि हात बाहेर काढून फोटो घेतला. पहिल्या फोटोत स्वतःच्याच एसीची पेटी आली, म्हणून दुसरा घेतला. समोरच्या व्हिलाच्या कुंपणाच्या भिंतीवर शर्ट, बनियन आणि लुंग्या ओळीने वाळत होत्या. सगळे कपडे उलटे केलेले होते, शिवणी वर. भिंतीच्या टोकाला बोराचं झाड होतं. तिने फोटो कापून झाड काढून टाकलं. झाडामुळे तो सुंदर दिसत होता.

फोटोखाली तिने लिहिलं, ‘ही फॅमिलींची वस्ती आहे. आमच्या मुली इथे खेळतात. समोर किती बॅचलर भरले आहेत ते कोणी बघणार आहे की नाही?’

ग्रुपचं नाव ‘शेजारणी’. जुन्या विमानतळाकडच्या गल्ल्यांमधल्या मल्याळी बायकांसाठी तो जसीनानेच सुरू केला होता. कोणत्या दुकानात ताजे कप्पाचे कंद आले, शाळेची बस का उशिरा येणार, धुळीचं वादळ कधी उठणार, कोणाची मांजर हरवली, हे दोहातल्या वर्तमानपत्रांच्या आधी तिथे कळायचं. केरळात, मलप्पुरमला तिची आई शेजारपाजारी सांगायची, आमची जसीना तिकडे बातम्या चालवते.

खरं तर घडलं काहीच नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिच्या मुलीच्या, हिबाच्या सायकलची साखळी निसटली आणि समोरच्या मुस्तफाने ती बसवून दिली. हिबा काळे झालेले हात घेऊन आत आली आणि म्हणाली, “उम्मा, मुस्तफाकाकांना पण माझ्याएवढी मुलगी आहे. तिला सायकल येत नाही.” जसीनाने तिचे हात भांड्याच्या साबणाने धुतले, मग पुन्हा एकदा धुतले.

पोस्टखाली प्रतिक्रिया येत राहिल्या. ग्रुप चालवायला तिला मदत करणाऱ्या शायनीने लिहिलं, ‘अगदी माझ्या मनातलं बोललीस.’ कोणी लिहिलं, ‘आमच्या गल्लीत तर लुंगीवर फिरतात.’ दुसऱ्या दिवशी शहराच्या बातम्या देणाऱ्या एका पानाने तो फोटो उचलला. नौफलने ऑफिसातून निरोप पाठवला, ‘बायको फेमस!’

पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले.

बीरानकुट्टींनी आयुष्याची अठ्ठावीस वर्षं याच शहरात काढली होती. निवृत्त होऊन गेल्यावर ते पहिल्यांदाच परत येत होते, महिनाभराच्या व्हिजावर, मुलीच्या घरी पाहुणे म्हणून. विमानतळावर त्यांच्या खोक्याला दोरीचे इतके वेढे होते की नौफलला हसू आवरेना.

“उप्पा, आता असं कोणी बांधत नाही.”

“मग सुटल्यावर रडत कोण बसतं?” ते म्हणाले.

घर म्हणजे व्हिलाचा एक कोपरा. एक झोपायची खोली, एक बसायची, मध्ये स्वयंपाकघर. उप्पा दारातच थांबले. त्यांनी छताकडे पाहिलं, मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाहिलं.

“एवढं सगळं तिघांनाच?”

जसीनाला बरं वाटलं. तिच्या माहेरी दर्शनी भिंतीवर उप्पांचा एक फोटो होता. करडा कोट, टाय, मागे धबधब्याचं चित्र. लहानपणी ती त्यांना पत्रातून सांगायची, येताना तो कोट घेऊन या. ते लिहायचे, कोट ऑफिसात लागतो. आता तिला त्यांना दाखवायचं होतं की तीही इथे कोटातच राहते.

पण दुसऱ्याच सकाळी ते लुंगी आणि बनियनवर बाहेर गेले. आदल्या रात्रीचा शर्ट त्यांनी हाताने धुतला होता. तो त्यांनी उलटा केला, झटकला आणि समोरच्या भिंतीवर, इतर शर्टांच्या शेजारी वाळत घातला.

“उप्पा, मशीन आहे ना घरात.”

“एका शर्टासाठी मशीन?”

“आणि तिथे कशाला? ती त्यांची भिंत आहे.”

“ऊन त्याच भिंतीवर येतं,” ते म्हणाले. “आणि उलटा घालायचा, म्हणजे रंग उडतो तो आतून. वरून शर्ट दोन वर्षं नवा राहतो. घरी जाताना घालायला.”

मुस्तफाने त्यांना चहा दिला. काळा, लिंबू पिळलेला. त्या दिवसापासून उप्पा रोज त्याच भिंतीवर बसू लागले. माणसं कामावरून परतली की त्यांचं हसणं जसीनाच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. घरात उप्पा कधी एवढे बोलत नसत.

“खिडकीखालची खाट कोणाची?” ते विचारायचे.

“सुगतनची, बीरानिक्का. मागच्या महिन्यात लॉटरी काढून दिली.”

“मला मिळायला अकरा वर्षं लागली. आणि मिळाली त्याच वर्षी मालकाने खिडकीला बाहेरून विटा लावल्या.”

हसणं. मग कोणीतरी खोकलं.

एका रात्री जेवताना हिबाने विचारलं, “उप्पुप्पा, बॅचलर म्हणजे ज्याचं लग्न झालेलं नाही तो ना? टीचरनी तसंच शिकवलंय. मग मुस्तफाकाका बॅचलर कसे?”

नौफलने पाण्याचा ग्लास उचलला. जसीना म्हणाली, “जेव गुपचूप.”

उप्पांना प्रश्न फार आवडला. “इथलं इंग्रजी वेगळं आहे, मोळे. इथे बायको विमानात बसून आली तर तू फॅमिली. ती गावी राहिली तर तू बॅचलर. मीसुद्धा बॅचलरच होतो. तुझी ही आई बॅचलरच्या घरी जन्मली.”

हिबा इतकी हसली की तिला ठसका लागला. जसीनाने तिच्या पाठीवर थापटलं, जरा जोरातच.

त्या रात्री तिने आपली पोस्ट पुन्हा उघडली. ती काढून टाकण्याचं बटण कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. पण पोस्ट आता तिची एकटीची राहिली नव्हती. गल्लोगल्लीच्या बायकांनी खाली आपापल्या भिंतींचे फोटो जोडले होते. काढली असती तर सगळ्यांनी कारण विचारलं असतं. तिने फोन उलटा ठेवला.

पांढरी गाडी भर दुपारी आली. नगरपालिकेचे दोन अधिकारी उतरले, समोरच्या घरात जाऊन खाटा मोजून आले आणि फाटकावर कागद चिकटवून गेले. फॅमिलींच्या वस्तीत बॅचलरना राहायला बंदी आहे, आठवड्याच्या आत घर रिकामं करायचं, नंतर वीज आणि पाणी बंद. संध्याकाळी माणसं कागदाभोवती उभी राहिली. जसीना कांदा चिरत होती. जाळीतून सगळं ऐकू येत होतं.

“कोणी केली असेल तक्रार?” उप्पांनी विचारलं.

“असेल कोणीतरी फॅमिली,” मुस्तफा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाऊस कोणी पाडला असं विचारल्यावर माणूस जसा बोलेल तसा तो बोलला.

“कुठे जाणार?”

“इंडस्ट्रियल एरियात बघतोय. कामावर जायला दीड तास आधी निघावं लागेल.”

उप्पांनी कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबला. मग म्हणाले, “आमच्या वेळी पण होती एक फॅमिली. वरच्या मजल्यावर. पडद्याआडून बघायची. आम्ही तिला रोज सलाम ठोकायचो.”

जसीना खिडकीपासून मागे सरकली. कांदा अर्धाच चिरून झाला होता.

त्यानंतर उप्पांचा सगळा दिवस समोरच जाऊ लागला. बोजे कसे बांधायचे, स्टोव्ह कशात गुंडाळायचा, गादीच्या घडीत भांडी कशी बसवायची, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? जसीना एकदाच म्हणाली, “उप्पा, उन्हात नका बसू. लोक बघतात.”

“बघू देत की,” ते म्हणाले. “म्हातारा बघण्यासारखा आहे.”

शुक्रवारी जेवणानंतर तिचा डोळा लागला. उठली तेव्हा फोन भिंतीकडे सरकत सरकत थरथरत होता. ‘शेजारणी’वर एका नव्या सभासद बाईने फोटो टाकला होता आणि शायनीने तो मंजूर केला होता. वरच्या कुठल्यातरी खिडकीतून काढलेला. भिंतीवर लुंगी-बनियनवर बसलेला एक म्हातारा, गुडघे फाकलेले, बोटं काळी. त्याच्या पुढ्यात उलटी केलेली गुलाबी सायकल. सायकलपाशी पाठमोरी एक मुलगी, तिच्या डोक्यावर हेल्मेट.

‘नोटीस लागली तरी गेले नाहीत. आता आपल्या मुलींच्या सायकलींपर्यंत पोचलेत. ही कोणाची मुलगी? आईबाप झोपलेत का?’

खाली लिहिलं होतं, ‘थेरड्याला लाज नाही.’ ‘बसलाय कसा बघा.’ ‘असल्यांना पोलिसांतच द्यायला हवं.’ एकीने रडणारा चेहरा टाकला होता, मुलीसाठी.

जसीना खिडकीशी गेली. साखळी बसली होती. हिबा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळत होती आणि उप्पा पायाने ताल धरत होते.

तिने ती नवी पोस्ट काढून टाकली. लगेच शायनीचा निरोप आला.

‘का काढलीस? चांगला पुरावा होता.’

‘ते माझे’ एवढं जसीनाने लिहिलं. ते दोन शब्द तिने बराच वेळ पाहिले. मग पुसले आणि लिहिलं, ‘मुलगी दिसते आहे. लहान मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, आपला नियम आहे.’

‘हो गं, खरंच. तू किती विचार करतेस,’ शायनीने लिहिलं, आणि जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

नौफल संध्याकाळी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. हळू आवाजात म्हणाला, “ऑफिसच्या ग्रुपवर तो फोटो तिघांनी पाठवला. मी म्हटलं, ओळखत नाही.” तो नळाकडे बघत राहिला. “एकदम तोंडातून गेलं.”

जसीनाने त्याच्यासाठी ताट वाढलं.

जेवताना उप्पांचा फोन वाजला, पुन्हा वाजला. गावच्या कोणा जुन्या सोबत्याने काहीतरी पाठवलं होतं. त्यांचा चष्मा दुसऱ्या खोलीत होता, म्हणून त्यांनी फोन हिबाकडे दिला.

“उप्पुप्पा, हे तुम्ही आहात! आणि ही मी! माझी पाठ!”

“बघू.”

उप्पांनी फोन लांब धरला, मग आणखी लांब. खालची अक्षरं ते ओठ हलवत सावकाश वाचत गेले. नौफल भातात बोटं फिरवत होता. हिबा म्हणाली, “थेरडा म्हणजे काय?”

“फोटो बरा आलाय,” उप्पा शेवटी म्हणाले. “सायकल तर अगदी छान आली. आमच्या वेळी फोटो काढायचा म्हणजे कोट उसना घेऊन स्टुडिओत जावं लागायचं. मुस्तफासारखाच एक होता, त्याचा कोट. रांग लागायची त्या कोटाला.”

जसीनाने ताटातून मान वर केली नाही.

“वर नाव पण आहे,” ते म्हणाले. “शेजारणी. तुझाच ना हा? तुझी उम्मा सगळ्यांना सांगत असते.”

“हो, उप्पा.”

त्यांनी फोन बंद करून लुंगीच्या कनवटीला खोचला. मग मासा हाताने सोडवून त्याचा काटा काढला आणि तुकडा हिबाच्या ताटात ठेवला. “कालवण तुझ्या उम्माच्या हातच्यासारखंच झालंय,” ते जसीनाला म्हणाले.

समोरची माणसं सकाळी उजाडताच गेली. जसीना उठली तेव्हा भिंत मोकळी होती, भिंतीखाली दोरीचे तुकडे पडले होते. दक्षिणेकडे आकाश तांबूस दिसत होतं. ‘शेजारणी’वर आधीच येऊन पडलं होतं की दुपारपर्यंत धूळ येणार, कपडे आत घ्या. उप्पांचा शर्ट आणायला म्हणून ती चप्पल घालून बाहेर गेली. भिंतीवर शर्ट नव्हता. अंगणातल्या दोरीवरही नव्हता. बसायच्या खोलीत उप्पांचं अंथरूण घडी करून कोपऱ्यात, भिंतीला अगदी चिकटवून ठेवलं होतं, कोणाला तरी तिथून जायला वाट ठेवावी तसं. ते स्वतः नमाजासाठी मशिदीत गेले होते.

शर्ट न्हाणीघरात सापडला. दाराच्या मागे, खिळ्याला, उलटा. फरशी ओली होऊ नये म्हणून त्याखाली बादली ठेवली होती. कॉलरमधलं पाणी बाहीत उतरत होतं, बाहीच्या कडेला जमत होतं आणि बऱ्याच वेळाने एक थेंब सुटत होता. बनियन नळावर पिळून ठेवलं होतं, दोरासारखं घट्ट. एका हाताच्या अंतरावर मशीन होतं.

तिने शर्ट खिळ्यावरून काढला. ओला, जड. तो घेऊन ती बाहेरच्या दारापर्यंत गेली. ऊन अजून होतं, त्या भिंतीवरच होतं, धूळ यायला तास-दोन तास होते. तिने शर्ट झटकला.

मग तिची नजर वर गेली. समोरच्या व्हिलामागच्या इमारतीत खिडक्यांच्या तीन रांगा होत्या. एकीचा पडदा हलला, कदाचित वाऱ्याने.

जसीना आत आली. दार लावून घेतलं आणि शर्ट पुन्हा त्याच खिळ्याला अडकवला. मग वाकून बादली थोडी डावीकडे सरकवली, थेंब बरोबर आत पडेल अशी.