खांबातलं भोक

"हे भोक कुणी मागितलं?" ब्रिट्ससाहेबांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट टेकवलं आणि तिथे तेलाचा ठसा उमटला. कोपऱ्यावरच्या बाईकडून आणलेले तळलेले गोळे ते अजून चघळत होते.

"कुणी नाही साहेब, मीच घातलंय," लेफा म्हणाला.

"एंजिनिअरच्या ड्रॉइंगमध्ये आहे?"

"नाही. पण खांबावर चढलेल्या माणसाला सुरक्षेच्या पट्ट्याचा हूक अडकवायला काहीतरी लागतं. म्हणून प्रत्येक मजल्याला, छातीच्या उंचीवर..."

"आणि प्रोग्रॅममध्ये हे 'मालोमे' काय लिहून ठेवलंयस?"

"त्या नियमाचं नाव आहे. मालोमे म्हणजे मामा."

ब्रिट्स हसले. "वा! म्हणजे मामासाठी भाचा आमच्या पैशाने भोकं पाडतोय! आपण पोलाद विकतो बाबा, भोकं नाही."

दक्षिण आफ्रिकेतल्या व्हॅन्डरबाइलपार्कच्या या कचेरीत पूर्वी खोली भरून ड्राफ्ट्समन बसत. एकेक खांब, एकेक बोल्ट माऊसने ओढून बसवत आणि चुकलं की आपसात भांडत. लेफाने प्रोग्रॅम लिहिला आणि ते भांडण कायमचं मिटलं. आता मॉडेलमध्ये खांब उभा केला की तळाची प्लेट, बोल्ट, कापायची मापं, वर्कशॉपची ड्रॉइंगं, सगळं आपोआप बाहेर पडतं. ड्राफ्ट्समनही तसेच बाहेर पडले. त्यांच्या निरोपाचा केक लेफाने चवीने खाल्ला होता. मोठ्या घराचे हप्ते त्यानंतरच सुरू झाले.

त्या सगळ्या हुशारीत एक नियम तेवढा मोखेथीमामांचा होता. मामा पोलाद उभारणाऱ्या टोळीचे मुकादम. लेफाचा बाप घर सोडून गेला तेव्हा बहिणीच्या या पोराला त्यांनीच शिकवलं, आणि पहिली नोकरी लागल्यावर साइटवर नेऊन खांबाखाली उभं केलं. "वर बघ. तुझ्या ड्रॉइंगवर माणूस चढणार आहे. त्याला धरायला जागा ठेव." लेफाने ठेवली. मामांच्या टोळीत तेव्हापासून कुणी पडलं नव्हतं.

"साइटवर पाळण्याच्या गाड्या येणारेत," ब्रिट्स म्हणाले. "माणसं पाळण्यात उभी राहून बोल्ट आवळतील. तुझा मामा काय अजून खांबाला मिठी मारून चढतो? काढ ते. आणि हे बघ लेफा, तुझा प्रोग्रॅम चालवायला आता तूच लागतोस असं काही राहिलेलं नाही."

लेफाने काढलं. शिंक यायला लागतो तेवढ्या वेळात अख्ख्या गोदामाच्या खांबांतली भोकं बुजली.

रविवारी तो सेबोकेंगला मामांकडे जेवायला गेला. अंगणात शेजारचे रामोहापी बसले होते आणि मामांची नेहमीची टकळी चालू होती. "बाकीच्यांची ड्रॉइंगं म्हणजे नुसतं लोखंड हो! आमच्या लेफाच्या ड्रॉइंगमध्ये माणूस असतो. काय रे?"

"हं," लेफा म्हणाला आणि मक्याच्या घट्ट उकडीचा मोठा घास तोंडात कोंबला. पाळण्याच्या गाड्या येणारच आहेत, मग सांगून म्हाताऱ्याचा रविवार कशाला नासवायचा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. खरं तर तो भ्याला होता.

गाडी आली, पण एकच. पावसाने साइटचा नुसता राडा झाला होता, त्यात ती पोटापर्यंत रुतली आणि तशीच बसून राहिली. काम मात्र थांबवायचं नव्हतं. मामांची टोळी नेहमीसारखी खांबांवर चढायला निघाली, तर खांबांना भोकंच नाहीत.

दुसऱ्या कुणी मुकादमाने काम बंद केलं असतं, निदान कचेरीत फोन केला असता. मामांना त्याची गरजच वाटली नाही. साइटवर येतो तो नुसता कुठला खांब कुठे उभा करायचा त्याचा नकाशा; भोकांची ड्रॉइंगं वर्कशॉपातच राहतात. "भाचा भोकं देतोच," ते टोळीला म्हणाले. "वर्कशॉपवाले विसरले, झालं. आणा गॅस कटर." जागा त्यांना तोंडपाठ होती. एकेका खांबाला त्यांनी बरोब्बर छातीच्या उंचीवर भोकं जाळली. कुणी पडलं नाही. चार दिवसांनी तपासनीस आला, त्याने ती काळवंडलेली भोकं पाहिली आणि गॅसने जाळलं की पोलाद कमजोर होतं म्हणून सगळे खांब नापास केले.

चौकशी साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत झाली. गोदामाच्या मालकाची एंजिनिअर बाई मध्ये बसली होती. मामा हेल्मेट मांडीवर घेऊन टेकले होते, अगदी निर्धास्त.

"बाई, मी स्वतःच्या मनाने काही केलेलं नाही. ड्रॉइंगमध्ये भोकं आहेत. हा काय, काढणारा समोर बसलाय. उघड रे पोरा, दाखव बाईंना."

लेफाने लॅपटॉप उघडला. पडद्यावर खांब उभा राहिला, स्वच्छ, गुळगुळीत.

"यात भोक नाही," बाई म्हणाली. "आधी कधी होतं का?"

ब्रिट्स खिडकीबाहेर रुतलेल्या गाडीकडे बघत होते. लेफाच्या डोळ्यांसमोर कचेरीतली ड्राफ्ट्समनची ती रिकामी खोली आली. मामा त्याच्याकडे कौतुकाने बघत होते, तो शाळेत बक्षीस घ्यायला गेला तेव्हा बघितलं होतं तसंच.

"नाही," लेफा म्हणाला.

मामांनी पडद्याकडे नीट पाहिलं. मग ते उठले. "असं होय. मग माझीच चूक बाई. म्हातारपण, दुसरं काय." हेल्मेट त्यांनी टेबलावर ठेवलं आणि कुणी जा म्हणायच्या आत ते निघून गेले. संध्याकाळपर्यंत त्यांचं नाव टोळीतून कापलं गेलं.

पुढच्या रविवारी लेफा मामांकडे गेला. जायची लाज वाटत होती आणि न जायची त्याहून जास्त. मामीने काही न बोलता ताट वाढलं. अंगणात दोघंच होते.

"मामा, मी घातली होती भोकं. साहेबांनी काढायला लावली."

"अस्सं? मग तिथे का नाही बोललास?"

लेफाने ताटात बघत एक घास मोडला.

"मला त्या रविवारी जेवायला आलास तेव्हा तरी सांगायचंस. मी पोरांना वर चढवलंच नसतं रे. माझं जाऊ दे, पण माझ्या भरवशावर ती पोरं वर जातात आणि मी तुझ्या भरवशावर त्यांना पाठवतो."

कुंपणापलीकडून रामोहापींनी हाक मारली. "काय मुकादम, आज कामावर, उद्या घरी? कुणी घोळ घातला म्हणे?" मग त्यांना लेफा दिसला. "याच्याच ड्रॉइंगची भानगड ना?"

लेफाच्या हातातला घास हातातच राहिला.

"छे हो," मामा म्हणाले. "लेफाच्या ड्रॉइंगमध्ये भोकं होती. वर्कशॉपवाले विसरले."

"तरीच! म्हटलं, हा कसा चुकेल?" रामोहापी समाधानाने आत गेले.

मामांनी आपलं ताट उचललं, लेफाकडे पाठ करून खुर्ची कुंपणाकडे फिरवली आणि सावकाश जेवायला लागले.