मान वळवलेला रोहित

मडक्याभोवती रोहित पक्ष्यांची रांग चालली होती, सगळे एकामागून एक, माना पुढे काढून. एकच शहाणा मान वळवून मागे बघत होता, आणि त्या एकट्यानं अख्ख्या रांगेची अब्रू घालवायची वेळ आणली होती.

मडकं इजिप्तचं, तिथल्या राजांच्याही आधीचं. माती जुनी असल्याचं लॅबनं सांगितलं होतं, भांडण होतं चित्रावरून. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ काचेतूनच बघून म्हणाले, जुन्या कोऱ्या मडक्यावर हल्ली कुणीतरी पक्षी रंगवलेत; अशा रांगेत मागे बघणारा पक्षी नसतो, नक्कल करणाऱ्याचा हात चुकलाय. झालं. डॅलसजवळच्या त्या कॉलेज म्युझियमचे डायरेक्टर हॅरिसन यांनी मडकं प्रदर्शनातून काढायचं ठरवलं. जुनी भांडी जपणं हे तिथल्या इलाचं काम, तिच्या नावावरचं हे पहिलंच प्रदर्शन, आणि ते सगळं उभं होतं याच मडक्यावर.

शनिवारी ती तोंड पाडून फ्रिस्कोला आईकडे गेली. नंदा गॅरेजमध्ये चैत्रांगण काढत बसली होती; ड्राइव्हवेवर टेक्सासचं वारं रांगोळी टिकू देईल तर शपथ. गौरीच्या पाळण्याभोवती मोरांचं कडं काढायचं काम तिनं नेहमीप्रमाणे इलाच्या गळ्यात घातलं. इलानं रागारागात ऐसपैस सुरुवात केली आणि फिरून येईपर्यंत शेवटच्या मोराला जागाच उरली नाही.

"पुसू?"

"पुसतेस कशाला? मान मागे वळव त्याची, मावतो. दरवर्षी तुझं हेच, आधी मोकाट आणि शेवटी दाटीवाटी."

इलाचा रांगोळीची चिमूट धरलेला हात तसाच थांबला. मग रांगोळीच्या बोटांनीच तिनं फोनवर मडक्याचे फोटो उघडून बघितले. सुरुवातीचे पक्षी सुटे सुटे होते, पुढे अंतर कमी होत गेलेलं, आणि जिथे रांगेची दोन टोकं भेटत होती, नेमकी तिथेच ती मान वळली होती.

"नक्कल करणारा आधी मापं घेतो," सोमवारी तिनं हॅरिसनना सांगितलं. "इथे कुणीतरी अंदाजानं रंगवत गेलंय आणि शेवटी जागा पुरली नाही."

"थिअरी छान आहे. पुरावा?"

"सॉल्व्हंटचा बोळा फिरवू द्या. मागाहून लावलेला रंग असेल तर कापसावर येईल. मडक्याबरोबरच भाजलेला असेल तर हलणार नाही."

"आणि आला तर? चित्र जाईल, प्रदर्शन कॅन्सल होईल, आणि तुझा रिपोर्ट पुन्हा कोणी उघडणार नाही."

"आला तर मडकं मी स्वतः तळघरात नेऊन ठेवीन," इला म्हणाली.

हॅरिसननी तज्ज्ञांनाही बोलावून घेतलं. हसं व्हायचं तर चारचौघांत होऊ दे, असं मनाशी म्हणत इलानं ग्लोव्हज चढवले. कडेच्या पक्ष्यावर जपून सुरुवात करायची सोय होती, पण तिनं बोळा ठेवला तो थेट त्या वळलेल्या मानेवर. हलकेच फिरवला. मग आणखी एकदा, जरा दाबून.

तिनं बोळा उलटून दिव्याखाली धरला. पांढराशुभ्र. मान होती तिथेच, विटकरी आणि ठसठशीत, हजारो वर्षांपूर्वी भट्टीतून निघाली तशी. तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला, बोळा हातात घेऊन दोन्ही बाजूंनी न्याहाळला आणि म्हणाले, "माझं चुकलं." हॅरिसननी मडक्यापुढची 'संशयास्पद' अशी पाटी स्वतः उचलून खिशात घातली. इलाला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, पण हातात मडकं होतं.

मडकं जागेवर नीट ठेवल्यावर तिनं फोन लावला. "आई, कापूस पांढरा निघाला. तिथेही जागाच पुरली नव्हती."

"बघ," नंदा म्हणाली. "ते पक्षी रंगवणारीलाही कुणीतरी म्हटलं असेल, पुसू नकोस म्हणून."